नापास आचार्य

एकदा एका धरणाकाठच्या नगरात परीक्षेचा निकाल जाहीर झाला आणि विद्यालयातला सर्वांत हुशार विद्यार्थीच नापास झाला. ज्याने धरणाच्या भिंतीतली गळती शोधून काढली, ज्याच्या गणितावर विसंबून गेल्या पावसाळ्यात दरवाजे उघडले गेले, त्यालाच वृद्ध आचार्यांनी शांत स्वरात ‘अनुत्तीर्ण’ म्हटले होते.

तो दूरच्या कोरड्या मुलखातून जलशास्त्र शिकायला आला होता. अशी देशोदेशीची मुले तिथे येत. त्यांच्यासाठी नगराचा एक नियम होता. शिक्षण चालू आहे तोवर खुशाल राहा. उत्तीर्ण झालात की त्या दिवशी सूर्यास्तापूर्वी वेशीबाहेर पडा. एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा प्रवेश नसे. कामे नगरातल्या मुलांना मिळावीत, हा त्यामागचा हेतू. हेतू वाईट नव्हता. पण नगरातली मुले बापाच्या पेढीवर बसणे पसंत करीत आणि धरणाच्या चिखलात उतरायला कोणी फिरकत नसे.

सभा पांगल्यावर शिष्य रागातच आचार्यांपुढे उभा राहिला.

“आचार्य, माझं काय चुकलं?”

“काहीच नाही.”

“मग?”

“उत्तीर्ण म्हटलं असतं तर आज संध्याकाळी तू वेशीबाहेर असतास. गळती बुजवायची आहे. ते काम करायची तुझी किती इच्छा आहे, मला ठाऊक आहे. नापास झालास, म्हणजे अजून विद्यार्थी आहेस. राहा आता.”

शिष्याचा राग क्षणात ओसरला. त्याला हायसेही वाटले. वाकून नमस्कार करता करता त्याने सहज विचारले, “असं कधीपर्यंत राहता येईल?”

आचार्य म्हणाले, “मी अजून राहतोच आहे.”

शिष्याला प्रथम अर्थच कळेना. कळला तेव्हा तो त्यांच्यापुढे बसून ऐकू लागला.

“मी खाडीपलीकडचा,” आचार्य म्हणाले. “माझ्या गुरूंनीही मला असंच मायेनं नापास केलं. मीही त्यांना नमस्कार केला. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग गुरू गेले, माझे केस पिकले आणि माझ्या परीक्षेचं विचारायचं लोक विसरून गेले. थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकवायचं ही इथली रीतच, त्यामुळे सगळे आचार्य म्हणू लागले. धरण मी बांधलं, पण विद्यार्थ्याचं नाव शिलेवर घालत नाहीत. विद्यार्थ्याला घर घेता येत नाही, म्हणून संसार झाला नाही. आई गेल्याचा निरोप आला तेव्हा वेशीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. बाहेर पडलो असतो तर आत येता आलं नसतं, आणि ते पावसाळ्याचे दिवस होते.”

शिष्य ते ऐकून हादरला. ज्यांच्यासारखे व्हावे असे त्याने रोज मनाशी म्हटले होते, ते हे होते.

“मला उत्तीर्ण करा, आचार्य,” तो अखेर म्हणाला. “जावं लागलं तरी चालेल.”

आचार्यांनी होकार दिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा सभा बोलावली. अध्यक्षस्थानी विद्यालयाचे आश्रयदाते नगरशेठ होते. आचार्यांनी शिष्याचा निकाल दुरुस्त केला. नंतर त्यांनी आपले आसन उचलले, विद्यार्थ्यांच्या रांगेत नेऊन अंथरले आणि हात जोडून म्हणाले, “शेठजी, माझी परीक्षा राहिली आहे. ती घ्यावी.”

मंडपात हशा पिकला. नगरशेठही मनमोकळे हसले. “तुमची कसली परीक्षा घ्यायची? हे धरण तुमच्यामुळे उभं आहे. तुम्ही उत्तीर्णच आहात!”

आचार्य उठले. त्यांनी कमरेची किल्ली सोडून नगरशेठांच्या हाती दिली. “ही धरणाच्या दरवाजांची. मी परमुलखातला आहे. आता मला सूर्यास्ताच्या आत निघायला हवं.”

नगरशेठांच्या चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, डोळ्यांतले मात्र गेले. त्यांना काही सुचायच्या आत नगरातले वैद्यराज पुढे आले आणि रिकाम्या आसनावर बसले. नगरशेठांचा नातू ज्वराने अंथरुणाला खिळला होता आणि त्यांच्याच औषधावर होता.

“वैद्यराज, तुम्हीसुद्धा?”

“माझीही परीक्षा राहिली आहे, शेठजी.”

त्यांच्यामागे पंचांग मांडणारे ज्योतिषी उभे होते आणि त्यांच्यामागे पुलाची निगा राखणारी बाई. ही सगळी माणसे नगरशेठांनी जन्मभर आपल्याच नगरातली धरली होती आणि त्यांपैकी कोणालाही कधी काही विचारले नव्हते.

“बसा, बसा सगळे,” ते घाईने म्हणाले. “मी काही ऐकलंच नाही. होतं तसंच चालू द्या. आचार्य, समजा मी तुम्हाला नापास केलं.”

“असं जन्मभर ऐकलं,” आचार्य म्हणाले. “त्याच्यावर किती वर्षं काढायची?”

नगरशेठांनी शिष्याकडे पाहिले. तो तरुण होता, त्याला गळतीची जागा माहीत होती, आणि त्याचे गाठोडे बांधून तयार होते.

“निदान तू तरी राहशील ना?” त्यांनी विचारले.

“राहीन,” शिष्य म्हणाला. “कोण म्हणून?”

नगरशेठांच्या हातात किल्ली होती. ती कोणत्या बाजूला फिरवायची हे त्यांना ठाऊक नव्हते. ते उठले, वेशीपर्यंत चालत गेले आणि सूर्य मावळला तरी त्यांनी पहारेकऱ्याला दरवाजा लावू दिला नाही.

आमच्या शेजारच्या टिपणीसांच्या लेकीने परदेशात यंत्रशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवली. तिथे नोकरी देणारे तयार होते, पण कामाच्या व्हिसाच्या सोडतीत तिचे नाव निघाले नाही, म्हणून राहता यावे यासाठी तिने दुसऱ्या पदवीला नाव घातले. आता तिसरी चालू आहे. परवा मी टिपणीसांना विचारले, “लेक काय म्हणतेय?” “शिकतेय अजून,” ते म्हणाले, आणि चहा घेणार का असे विचारून आत गेले.