पिल्लू अडकलं बर्फात

बंदरावर होती एक चिंबोरी. एवढीशी. तिचं पिल्लू त्याहून एवढुस्सं.

एकदा काय झालं? ऊन तापलं. पिल्लू गारव्याला चांगुणामावशीच्या मासळीच्या पेटीत शिरलं. वरून बर्फ पडला, धाडधाड. तुकड्याला तुकडा चिकटला. झाली एकच लादी. पिल्लू आत, आई बाहेर.

आतून आवाज आला. टिक् टिक् टिक्.

चिंबोरीने नांगी मारली, लादी फुटेना. ती निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. भेटला टोचा, बर्फ फोडायचा.

"टोच्या टोच्या, बर्फ फोड. पिल्लू माझं आत अडकलं."

टोचा म्हणाला, "लादी मी फोडतो. सरबताचा बर्फ मी फोडतो. पण काल मावशीने मला घेऊन खिळा उचकटला. टोक झालं बोथट. दगड मला घासेल, तर मी फोडीन."

चिंबोरी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"दगडा दगडा, टोच्याला घास. टोचा बर्फ फोडेना. पिल्लू माझं आत अडकलं."

दगड म्हणाला, "कोरडा मी घासत नाही. हंडा पाणी सांडेल, तर मी घाशीन."

आतून आवाज आला. टिक् टिक्.

चिंबोरी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"हंड्या हंड्या, पाणी सांड. दगड टोच्याला घासेना. टोचा बर्फ फोडेना. पिल्लू माझं आत अडकलं."

हंडा म्हणाला, "मी जड. माऊ मला ढकलेल, तर मी सांडीन."

चिंबोरी निघाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु.

"माऊ माऊ, हंडा ढकल. हंडा पाणी सांडेना. दगड टोच्याला घासेना. टोचा बर्फ फोडेना. पिल्लू माझं आत अडकलं."

माऊ म्हणाली, "फुकट कोण ढकलतंय? मावशी बोंबील देईल, तर मी ढकलीन."

आतून आवाज आला. टिक्.

चांगुणामावशी मासळी विकायची. चिंबोऱ्यासुद्धा विकायची. चिंबोरीला भीती वाटली. तरी गेली.

"मावशी मावशी, बोंबील दे. माऊ हंडा ढकलेना. हंडा पाणी सांडेना. दगड टोच्याला घासेना. टोचा बर्फ फोडेना. पिल्लू माझं आत अडकलं."

मावशी म्हणाली, "अगो बाय, बोंबील त्याच बर्फात हायत. बर्फ फुटल्याबिगर देऊ कशे?"

आता कुठे जायचं? फिरून फिरून तिथेच.

आतून आवाज येईना.

चिंबोरीला रडू आलं. मग आला राग. ती गेली माऊच्या मागे. नांगीत धरली शेपटी. काढला चिमटा, कच्च.

"म्याँव!" माऊ उडाली हंड्यावर. हंडा कलंडला, धबाक. पाणी सांडलं, घळाघळा. दगड भिजला. मावशीने टोचा घेतला. दगडाने टोचा घासला, खसाखसा. टोक झालं अणकुचीदार.

"मावशी, जपून. पिल्लू आत आहे."

"मधे नको मारू," टोचा म्हणाला. "कडेकडेने मार."

टच्. टच्. टच्. चीर पडली. लादी फुटली, खळ्‌कन.

पिल्लू बाहेर आलं. पण हलेना. आईने त्याला उन्हात ठेवलं. वाट पाहिली. एक पाय हलला. मग दुसरा हलला. डोळे वर आले.

"आई, भूक लागली."

चिंबोरीने त्याला घट्ट पोटाशी धरलं.

मावशीने बोंबलाचा तुकडा टाकला. "घे बाय. नि बिळात पळ. परत दिसलीस तर टोपलीत घालीन."

दोघं पळाली. तिरकी तिरकी, तुरुतुरु. माऊ बसली शेपटी चाटत.

लादी फुटली खळ्‌कन, पिल्लू निजलं पट्‌कन.