लाडवात लपवलेला पाला

पालेभाजी दिसली की राजपुत्र ताट भिरकावायचा. म्हणून तुळसा आचारीण शेवग्याचा वाळलेला पाला कुटून त्याच्या बेसनलाडवात मिसळायची. पोर बाळसं धरू लागलं, पण कुणीतरी चुगली केलीच.

"आज पाला लपवलास, उद्या विष लपवशील!" महाराज भर दरबारात कडाडले.

तुळसाची जीभ अडखळली नाही. "कशी लपवीन, महाराज? विष ओळखायला प्रत्येक लाडवाचा पहिला घास तुमच्याच हुकमानं माझ्या लेकीला खावा लागतो. तुमच्या लेकराच्या तोंडी पालासुद्धा नको, आणि माझ्या लेकीच्या तोंडी विष चालेल?"

महाराजांची मान खाली गेली. तुळसाला भरजरी लुगडं मिळालं.

दुसऱ्या दिवशीही लाडवाचा पहिला घास तिच्या लेकीनेच खाल्ला.