मधली मोकळी जागा

शिवगोंडा दूधवाल्याच्या मोटरसायकलचं पुढचं चाक खड्ड्यात मोडलं. त्यानं भंगारातून दुसऱ्याच गाडीचं चाक आक्सलसकट, म्हणजे मधल्या दांड्यासकट आणलं. पण आक्सल बारीक, चाक धरणाऱ्या फोर्कची भोकं मोठी, आणि चाक दोन्ही बाजूंना सरकायचं.

दूध संघाच्या गाड्यांचे तपासनीस देशमाने साहेब ते बघून हसले. "फोर्क कापायचा नाही, चाक घासायचं नाही, आक्सलला वेल्डिंग करायचं नाही. नियम आहे. संध्याकाळपर्यंत बसलं नाही तर तुझी दुधाची फेरी दुसऱ्याला."

शिवगोंडा रडवेला झाला. साहेबांना घेऊनच तो गडहिंग्लजच्या नरसू मिस्त्रींच्या लेथवर गेला.

मिस्त्रींनी नियम ऐकून घेतला. "तिन्ही वस्तू तुमच्या, साहेब. मी एकीलाही हत्यार लावत नाही. मधली मोकळी जागा तेवढी मला द्या."

"घे की. हवा घेऊन काय करणार?"

मिस्त्रींनी ती जागा मोजली आणि लेथवर लोखंडाचे दोन पोकळ बुश कातले. बुशाचं बारीक अंग भोकात घट्ट बसलं, जाड कड चाकाला टेकली. आक्सल आरपार घालून त्यांनी नट आवळला. साहेबांनी चाकाला हिसके दिले. हललं नाही. मग गाडी चालवून आले, तरी खोट सापडेना.

"पण हा भाग कंपनीच्या यादीत नाही," ते म्हणाले.

"कसा असेल? ती मोकळी जागा तरी कंपनीनं कुठं केली होती?"

साहेबांनी तपासणीच्या कागदावर सही केली. शिवगोंडा दुधाचे कॅन बांधायला लागला.