अबोलीची सातवी कळी

आमच्या कुंपणापलीकडे बकुळी राहायची. सात वर्षांची, काडीसारखी बारीक, फ्रॉकला तीन रंगांची ठिगळं. वडील गेल्यापासून तिची आई मंदा लोकांकडे पापड लाटून दोन घास मिळवायची.

त्या संक्रांतीला मायलेकी एका दारात हळदीकुंकवाला आल्या. आतली काकू म्हणाली, "तू कशाला आलीस गं मंदा? आज सवाष्णींचं असतं." मंदा आल्या पावली वळली. बकुळी घरी जाऊन आपल्या परसातल्या अबोलीपाशी बसून हमसून हमसून रडली.

ती काकू म्हणजे मी. लपवून काय करू, बाळांनो?

तेवढ्यात अबोलीवर चमचम चमचम झाली! बोटाएवढी इवलीशी परी, केशरी झगा, दवाचे पंख. मी कुंपणाच्या फटीला डोळा लावूनच होते.

"बकुळे, या झाडाला सात कळ्या आहेत," परी म्हणाली. "रोज सकाळी एका जिवाला मनापासून म्हण, तुझं भलं होवो. की एक कळी फुलेल. पहिली स्वतःसाठी. सातवी, ज्यानं तुला सगळ्यात जास्त रडवलं त्याच्यासाठी. सातही फुलल्या की एक इच्छा पुरी."

"मग काकूंनी आईला बोलवावं, असं मागू?"

"दुसऱ्याचं मन मला नाही गं वळवता येत, राणी."

स्वतःसाठी, आईसाठी, शाळेतल्या बाईंसाठी, दूधवाल्यासाठी, लंगड्या कुत्र्यासाठी, अनोळखी फुगेवाल्यासाठी, सहा कळ्या केशरी केशरी फुलल्या. सातव्या सकाळी बकुळीचे ओठच मिटले.

"काकूंचं... नाही! मी खोटं नाही म्हणणार."

"नको म्हणूस. उद्या पुन्हा बसू," परी म्हणाली.

अशा अठरा सकाळी गेल्या. मी रोज कान लावून, हातातला चहा गार. मधे पाच पावलांचं अंतर. गेले नाही. लोक काय म्हणतील!

एकोणिसाव्या सकाळी बकुळीला फटीतला माझा डोळा दिसला.

"परी, काकूंशी कुणीच बोलत नाही वाटतं," ती हळूच म्हणाली. "म्हणून त्या आपलं ऐकत बसतात. काकूंचं भलं होवो."

टप्पकन कळी उमलली!

"माग राणी, काय हवं?"

"आईच्या केसांत फुलं."

परी खुदकन हसली. अख्खं परस सोन्यासारखं उजळलं, आणि त्या उजेडातच ती विरून गेली. मंदाच्या अंबाड्यात सात फुलं हसत होती. ती कधी सुकलीच नाहीत.

पुढच्या संक्रांतीला मी करंडा घेऊन त्यांच्या दारात गेले. "मंदा, हळदीकुंकवाला ये गं."

तिनं पाट दिला, पाणी दिलं. म्हणाली, "तुमचं भलं होवो, काकू. पण मी नाही येणार."

निघताना बकुळीनं अबोलीची एक फांदी माझ्या हातात ठेवली. ती मी दारात लावली. तिलाही सात कळ्या आल्यात. मी रोज सकाळी तिच्यापाशी बसते.

पहिली कळी स्वतःसाठी असते ना? माझी तीच अजून उघडत नाही.