चहाच्या पातेल्यातले जिवाणू

एका तालुक्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्राचे एक वृद्ध आचार्य राहत असत. निवृत्तीनंतर त्यांनी घराच्या पडवीत छोटी प्रयोगशाळा थाटली होती. माती, विहिरीचे पाणी, रोगट पाने, जो जे आणील ते तपासून द्यायचे. हाताखाली एक शिष्या होती. हुशार, आणि हुशार माणसासारखीच थोडी घाईची.

एकदा पेठेतला एक व्यापारी रायझोबियमची पाकिटे घेऊन आला. रायझोबियम म्हणजे काळ्या भुकटीत मुरवलेले जिवाणू. पेरणीआधी ते बियाण्याला चोळायचे. मग हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरतात आणि पिकाला हवेतले नत्र मिळते. माळावरच्या एका गावात यंदा हरभरा पहिल्यांदाच पेरला जाणार होता. तिथल्या मातीत हे जिवाणू मुळात नव्हतेच. सारी भिस्त या पाकिटांवर.

"उद्या सकाळी टेम्पो निघतोय," व्यापारी म्हणाला. "माल उन्हाळाभर पत्र्याच्या गोदामात होता, तेवढीच धाकधूक. ताई, एवढं बघून द्या."

शिष्येने नमुना पीसीआर यंत्रात लावला. हे यंत्र जिवाणूचा डीएनए ओळखते. दुपारी निकाल आला आणि तिने कागदावर लिहिले, 'रायझोबियम जिवाणू आढळले.' व्यापाऱ्याचा चेहरा खुलला.

आचार्यांनी कागद वाचला. आतून चहाचे पातेले आणले, पाणी ओतले, त्यात पाकिटातली चमचाभर भुकटी टाकली आणि शेगडीवर चांगले खळखळून उकळू दिले.

"माझा बिनसाखरेचा हं," व्यापारी म्हणाला. "डॉक्टरांनी बंद केलीय."

"हा हिच्यासाठी आहे." निवलेले पाणी आचार्यांनी नळीत भरून शिष्येपुढे ठेवले. "हेही तपास."

"सर, एवढं उकळल्यावर यात काय उरलं असणार?"

"तेच विचारतोय."

व्यापारी खुर्चीत चुळबुळत बसून राहिला. संध्याकाळी यंत्राने पुन्हा तेच सांगितले: रायझोबियम आढळले. शिष्येने नळीवरची खूण पुन्हा तपासून पाहिली.

"शेठ," आचार्य म्हणाले, "तुमच्या पेठेत बंद पडलेली दुकानं आहेत का?"

"आहेत की. कोपऱ्यावरचं छत्रीवाल्याचं. मालक वारला, पाटी तशीच आहे. परगावचं गिऱ्हाईक पाटी बघून येतं आणि कुलूप बघून परत जातं."

"हे यंत्र पाटी वाचतं, पोरी. अचूक वाचतं, त्याचा दोष नाही. पण ते दार ठोठावत नाही. मेलेल्या जिवाणूचाही डीएनए भुकटीत टिकून राहतो. रोगाचा माग काढायचा असेल, तर पाटीचाही उपयोग होतो. पण ज्याच्याकडून काम करून घ्यायचं, तो जिवंत हवा. त्याला खायला घालून बघ. जिवंत असेल तो जेवायला उठेल."

"म्हणजे मी थांबायचं?" व्यापाऱ्याने विचारले.

"पेरणीला अजून अवधी आहे. माळावरची माणसं पहिल्याच वर्षी फसली, तर पुन्हा हरभऱ्याचं नाव काढणार नाहीत. आणि तुमचंही."

टेम्पो निघाला नाही. शिष्येने काचेच्या दोन बशांत जिवाणूंचा खुराक ओतला. एकीत व्यापाऱ्याची भुकटी पसरली, दुसरीत फ्रीजमध्ये जपलेली ताजी. काही दिवसांनी ताज्या भुकटीच्या बशीत दवासारखे चकचकीत ठिपके उमटले. व्यापाऱ्याची बशी कोरीच राहिली.

त्याने दोन्ही बशा उजेडात धरून पाहिल्या. "म्हणजे माझं गोदाम नुसत्या पाट्यांनी भरलंय," तो म्हणाला, आणि ताज्या मालासाठी तिथूनच फोन लावला. "हो, आजच पाठवा. आणि गाडी उन्हात उभी करू नका, आत जीव आहेत."

शिष्येने आपला जुना कागद काढला. त्यात खोडण्यासारखे काही नव्हते. लिहिले होते ते खरेच होते. तिने खाली एवढेच जोडले, 'त्यांत जिवंत एकही नाही.'

पेठेत गिऱ्हाईक खोट्याने बुडते, त्याहून अधिक ते अर्ध्यावर थांबलेल्या खऱ्याने बुडते.