पपईचा नर अर्धा

ही गोष्ट सांगायची नाही, असं आईनं मला बजावलं आहे. एक तर तिच्यात नर आणि मादी हे शब्द फार येतात, आणि मुलींनी ते चारचौघांत बोलू नयेत असं आईला वाटतं. दुसरंही एक कारण आहे, ते मी सांगणार नाही. पण आई आत्ता शेवया वळायला बसली आहे, तिचे दोन्ही हात पिठात आहेत. तेवढ्यात सांगून टाकते.

एका गावात एक भोळा माणूस होता. इतका भोळा, की "जरा थांब" म्हणून सांगणारा घरी जाऊन जेवून झोपला, तरी हा थांबलेलाच. त्याला आपण पुंजा म्हणू. तो त्याच्या येसूआत्याकडे राहायचा. विहिरीजवळ आत्याची जमिनीची एक पट्टी होती. तिच्या दिराला, रंगनाथला, तिथे वीटभट्टी घालायची होती.

"वहिनी, मागल्या साली तुमची निम्मी पपई नर निघाली," रंगनाथ म्हणाला. "नुसते तुरे लोंबत होते. गाव हसलं. यंदा फळ दिसलं नाही, तर मी भट्टी घालणार."

"आणि माझा पुंजा कुठं जाईल?"

"जमिनीबरोबर तोही घेतो. येईल भट्टीवर कामाला."

आत्यानं पदर खोचला आणि पुंजाला हाक मारली. "हे बघ. रोप बघून नर की मादी ते कळत नाही. फूल आल्यावरच कळतं. तोवर खड्ड्यात लाव, रोज पाणी घाल आणि वाट बघ. फूल आलं की नर ओळखून उपट, म्हणजे बाकीच्यांना जागा होईल. दहा माद्यांमागं एक नर राख, बस्स."

"बस्स," पुंजा म्हणाला. त्यानं रोपं लावली. रोज पाणी घातलं. वाट बघितली.

फुलं यायच्या आधी रंगनाथच्या मुलीचं लग्न आलं. मांडवात पंगत बसली, पण दाटी झाली. आत्या म्हणाली, "पुंजा, जा रे, बायकांना जरा जागा करून दे."

जागा कशी करायची, ते पुंजाला शिकवलेलंच होतं. त्यानं एकेका पुरुषाला काखेत हात घालून पानावरून उपटला. दहा बायकांमागे एक राखला. राखला तो सनईवाला होता. उपटलेल्यांत नवऱ्या मुलाचा बाप होता, आणि हातात जिलबी घेतलेला रंगनाथही होता.

"मेल्या, पुरुषांना उठवतात का असं?" आत्या ओरडली. "एकालाही हात लावायचा नाही! दारी कुणी आलं की बसा म्हणावं, पाणी द्यावं, आणखी घ्या, आणखी घ्या म्हणून आग्रह करावा!"

"चुकलो, आत्या. आता तसंच करतो."

पुढे पपईला फुलं आली. नरांचे लांब तुरे लोंबू लागले. पुंजानं एकालाही हात लावला नाही. मग कुणाच्या तरी शेळ्या कुंपणातून आत आल्या. पुंजानं त्यांच्यापुढे पाण्याची बादली ठेवली.

"बसा," तो म्हणाला. शेळ्या बसल्या नाहीत. "बरं, उभ्यानं घ्या. हे कोवळं पान घ्या. आणखी एक घ्या. लाजू नका, घरचंच आहे."

आत्या धावत आली तेव्हा बांधाकडची झाडं बोडकी झाली होती. "अरे देवा! बाहेरचं कुणी पपईला तोंड लावायला आलं की काठी घ्यावी आणि हुसकून लावावं!"

"आधी नाही का सांगायचंस?" पुंजा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मधमाश्या आल्या. बाहेरच्याच होत्या, आणि थेट फुलांना तोंड लावत होत्या. पुंजानं काठी घेतली. फुलोरा सरेपर्यंत त्यानं एक माशी बागेत टिकू दिली नाही. त्याचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालं, पण तो हटला नाही.

मग व्हायचं तेच झालं. माद्यांना फळ धरेना. फक्त विहिरीजवळच्या एका झाडाला लांबोडकी फळं लगडली. आत्यानं ते झाड निरखून पाहिलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पुंजा, हे दोन्ही आहे रे! एकाच फुलात नर पण आणि मादी पण. अर्धं अर्धं. याला माशी लागत नाही, शेजारी लागत नाही. आणि याचं याच्यातच धरलेलं बी लावलं, तर त्यातून नर निघतच नाही. काही याच्यासारखी दोन्ही निघतात, उरलेल्या माद्या. आता बघते भट्टी कशी घालतो ते! उद्या भावजी येताहेत. त्याआधी बागेतले नर काढून टाक. नर म्हणून एक दिसता कामा नये."

"अजिबात दिसणार नाही," पुंजा म्हणाला.

सकाळी रंगनाथ आला. आत्या त्याला हौसेनं विहिरीकडे घेऊन गेली. बाग स्वच्छ होती. एकही तुरा नव्हता. आणि विहिरीजवळचं झाड शेंड्यापासून बुंध्यापर्यंत करवतीनं उभं चिरलेलं होतं. फळं खाली पडून फुटली होती. एक अर्धा इकडच्या खड्ड्यात लावला होता, दुसरा तिकडच्या. दोन्ही खड्ड्यांत नुकतंच पाणी घातलेलं होतं.

"हे काय केलंस?" आत्या किंचाळली.

"यातला नर अर्धा काढायचा होता, आत्या. पण कुठला ते कळेना. म्हणून दोन्ही लावले. आता फूल आल्यावर कळेल."

रंगनाथ बराच वेळ त्या दोन अर्ध्यांकडे बघत राहिला. मग पुंजाकडे. मग पुंजाच्या हातातल्या करवतीकडे.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "हा जमिनीबरोबर येणार होता, नाही का?"

"तुम्हीच म्हणालात, भावजी."

"पट्टी तुमची तुम्हालाच ठेवा. भट्टी मी ओढ्यापलीकडे घालतो. फक्त याला तिकडं पाठवू नका. विस्तवाचं काम असतं."

आत्यानं फुटलेल्या फळांतलं बी वेचून लावलं, आणि पुढच्या साली खरंच एकही नर निघाला नाही. ते दोन अर्धे मात्र कधीच कुजून गेले. पण फूल येईपर्यंत पाणी घालायचं, असं पुंजाला सांगितलेलं होतं, आणि आता पुरे असं काही कुणी सांगितलं नाही. म्हणून तर आमच्या विहिरीजवळ अजूनही रोज संध्याकाळी—

"वैजू! दोन्ही खड्ड्यांना पाणी घातलंस का गं? मला वाटतं, डावा अर्धा नर निघणार!"

आले हो, आबा, आले!