नाचणीच्या खिरीची साक्ष

चर्चचे पाळक थोरातसाहेब प्रीस्किलाच्या घरी आले ते तिचा जीव की प्राण असलेला शब्बाथशाळेतला मुलांचा वर्ग काढून घ्यायलाच.

"शेजाऱ्यांना एकदा तरी ख्रिस्त सांगितलास? भीड कसली बाळगतेस? थेट सांगायचं. जी स्वतः साक्ष देत नाही, ती मुलांना काय शिकवणार?"

प्रीस्किलाला स्वतःची खात्री कधीच नसे. तरी तिने नाचणीच्या खिरीची वाटी त्यांच्यापुढे धरली. "साहेब, आमच्या योनाला भरवून दाखवा. थेट."

साहेबांनी बाळाचे गाल दाबून चमचा आत कोंबला. योनाने सगळी खीर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर फुर्रकन उडवली.

मग प्रीस्किला स्वतःच मिटक्या मारत खाऊ लागली. योना रांगत आला आणि त्याने आ वासला.

"शेजारीही येतील, साहेब. पण आधी आपण चवीने खाताना दिसायला हवं."

साहेबांनी शर्ट पुसला. "वर्ग राहू दे तुझ्याकडेच," ते म्हणाले. मग हळूच विचारलं, "खीर उरलीय का गं?"